आधी ऐकावे, मग टोचावे

मुळशी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एखाद्या वाडीवर आज लसीकरणाचा दिवस आहे असे समजा. अंगणवाडीच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आहे. आरोग्यसेविका लशींचा थंड डबा खांद्याला अडकवून सकाळीच आली आहे. यादीत चौदा मुलांची नावे आहेत, त्यांपैकी अकरा आली. उरलेल्या तीन घरी आशाताई निरोप घेऊन जातात. दोन आया येतात. तिसरी दारातूनच सांगते, "आमच्या बाळाला सुई नको."

बाळ नऊ महिन्यांचे आहे, गोवर-रुबेलाची पहिली लस राहिली आहे. म्हणून आरोग्यसेविका स्वतः त्या घरी जाते. "अहो ताई, गोवर झाला तर काय होतं माहीत आहे का? न्यूमोनिया होतो, डोळे जातात, मूल दगावतंसुद्धा. लस फुकट आहे. तुमच्या भल्यासाठीच सांगते आहे." यातला शब्द न् शब्द खरा आहे. आई मान खाली घालून "बरं" म्हणते. आरोग्यसेविका ओट्यावर परतते आणि वाट पाहते. आई येत नाही.

चूक कुठे झाली? माहिती बरोबर होती, हेतू चांगला होता, तळमळही होती. तरीही एक मूल लशीवाचून राहिले. या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राला एक जुनीच गोष्ट नव्याने शिकावी लागली आहे. त्या गोष्टीची ओळख आपण या लेखात करून घेऊ. शिक्षकांना ती फारशी परकी वाटणार नाही.

एका मुलाने काय बिघडते?

प्रथम हे पाहू की एका घराचा नकार इतका महत्त्वाचा का मानायचा. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. सोयीसाठी आपण १५ हा आकडा धरू.

आता साधे गणित करू. एका रुग्णाकडून १५ जणांना लागण होण्याऐवजी फक्त एकालाच व्हावी असे वाटत असेल, तर त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित हवेत. म्हणजे सुमारे ९३ टक्के. साथ विझायची असेल तर याहूनही अधिक. शिवाय लस प्रत्येकाला शंभर टक्के संरक्षण देत नाही. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने सुमारे ८५ टक्के मुले सुरक्षित होतात. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस देतात. दोन डोसांनंतर हे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. एखाद्या वस्तीतील १०० मुलांपैकी ९० मुलांना दोन्ही डोस मिळाले, तर खरोखर सुरक्षित झालेली मुले साधारण ८७. उरली १३. एका रुग्णाच्या संपर्कात येणाऱ्या १५ जणांत अशी असुरक्षित मुले सरासरी दोन निघतील. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ! नव्वद टक्के गुण मिळवूनही आपण नापास होतो. म्हणूनच दोन्ही डोस किमान ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचावेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सरासरीही फसवी असते. तालुक्याचा आकडा ९५ असेल आणि एखाद्या वाडीचा ६०, तर विषाणू बरोबर त्या वाडीत शिरतो. २०२२ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराचा उद्रेक ध्यानात आला. पुढे भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण आढळले, मुले दगावली. करोनाच्या काळात चुकलेले डोस आणि काही वस्त्यांतला लशीविषयीचा संशय, ही दोन्ही कारणे तेव्हा पुढे आली. तेव्हा शासनाने वस्त्यावस्त्यांतल्या धर्मगुरूंची मदत घेतली. जिथे सरकारी पत्रक पोहोचत नव्हते, तिथे ओळखीचा माणूस पोहोचत होता.

'नको' एक, कारणे अनेक

लस नाकारणारा माणूस अडाणी असतो, अशी आपली सोपी समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ साली लशीविषयीच्या चालढकलीची तीन मूळ कारणे सांगितली. पहिले, विश्वास नसणे: लशीवर, देणाऱ्यावर किंवा देणाऱ्या यंत्रणेवर. दुसरे, धोकाच न जाणवणे. ज्या आजाराचे मूल आपण कधी पाहिले नाही, त्याची भीती कशी वाटणार? लशीच्या यशामुळेच लस अनावश्यक वाटू लागते. तिसरे कारण सोयीचे: अंतर, वेळ, बुडणारी मजुरी.

मुळशी तालुक्यात या तिन्ही कारणांना जागा आहे. पूर्वेला हिंजवडी-माणचे संगणक उद्योग आणि उंच इमारती, मध्ये पिरंगुटचे कारखाने, पश्चिमेला धरणाचे पाणी आणि ताम्हिणीचा धुवांधार पाऊस झेलणारे डोंगर. हिंजवडीतल्या सुशिक्षित बापाला फोनवर आलेल्या संदेशाने घोर लावलेला असतो. डोंगरातल्या धनगर वस्तीवर पावसाळ्यात जाणे-येणेच कठीण होते. कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात. मग मुलाचा डोस एका गावात राहतो आणि मूल दुसऱ्या गावात. तिघेही लस चुकवतात, पण तिघांना एकच व्याख्यान देऊन भागेल का?

माहिती कमी पडते तेव्हा

"लोकांना माहिती द्या, म्हणजे ते पटतील," असे आपल्याला वाटते. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड व इतरांचा अवघ्या १२ मुलांवर आधारलेला लेख आला. त्यातून गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती जगभर पसरली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही आणि २०१० साली 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. भीती मात्र मागे घेता आली नाही.

अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी १७५९ पालकांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही पालकांना शास्त्रीय खुलासा वाचायला दिला, काहींना आजारी मुलांची छायाचित्रे दाखवली, काहींना एक करुण हकिकत सांगितली. खुलासा वाचून लोकांचा गैरसमज कमी झाला. पण जे मुळातच लशीला सर्वाधिक नाखूश होते, त्यांचा पुढच्या मुलाला लस देण्याचा इरादा उलट आणखी कमी झाला! असा उलटा परिणाम नेहमीच होतो असे नाही, हे नंतरच्या संशोधनात दिसले. तरी एवढे नक्की की, गैरसमज दूर होणे आणि मन तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मन तयार व्हायला आणखी काही लागते.

समानुभूती म्हणजे काय?

ते 'आणखी काही' म्हणजे समानुभूती. हा शब्द सहानुभूतीहून वेगळा घ्यायला हवा. सहानुभूतीत आपण उभ्या जागेवरून दुसऱ्याचे दुःख पाहतो आणि हळहळतो. समानुभूतीत आपण त्याच्या जागी जाऊन, तिथून जग कसे दिसते ते पाहतो. पण एवढ्याने ती पुरी होत नाही. मला तुमचे म्हणणे समजले आहे, हे समोरच्याला कळावेही लागते. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. भीती खरी असते, भीतीचे कारण कदाचित चुकीचे असते. समानुभूती भीतीला मान देते, चुकीच्या कारणाला नाही.

हे बोलायला सोपे, करायला अवघड. १९८४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात डॉक्टरांच्या तपासणीतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत असत! शिक्षकांनी लगेच हसू नये. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये मोजमाप केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागत, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागत. थांबण्याचे हे महत्त्व दवाखान्यात आणि वर्गात सारखेच आहे.

शिकवता येते का?

समानुभूती स्वभावातच असावी लागते, ती शिकवून येत नाही, असे पुष्कळांना वाटते. मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची समानुभूती दरवर्षी मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे नेमकी रुग्णांशी गाठ पडू लागल्यावर, घसरलेली आढळली. शिक्षणाच्या रगाड्यात जी घटते, ती योग्य शिक्षणाने जपताही येईल, असे म्हणायला यातून जागा मिळते. आपल्याकडे २०१९पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आले आहे. मुळशी तालुक्यातच लवळे येथे मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थिनींनाही आता हे अभ्यासावे लागते. आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांच्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या साहाय्याने लसीकरणाविषयी संवाद कसा साधावा याचे 'ब्रिज' नावाचे प्रशिक्षण तयार केले.

अशा प्रशिक्षणाच्या मुळाशी असलेली एक पद्धत दारूच्या व्यसनावरील उपचारातून आली आहे. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली ती मांडली. व्यसनी माणसाशी जितका वाद घालावा, तितका तो व्यसनाची बाजू घेतो. त्यालाच बोलते केले, तर तो स्वतःच बदलाची कारणे सांगू लागतो, हे त्याच्या लक्षात आले. कॅनडातील क्यूबेक प्रांतात हीच पद्धत लसीकरणासाठी वापरली. प्रसूतिगृहातच नव्या आईशी निवांत बोलायचे, तिच्या शंका ऐकायच्या आणि विचारूनच माहिती द्यायची. ज्या बाळांच्या आयांशी असे बोलणे झाले, त्यांच्यात पुढे लसीकरण वाढलेले दिसले आणि प्रांताने हा उपक्रम सर्वत्र नेला. ब्रिस्टल विद्यापीठ व इतर युरोपीय संस्थांतील संशोधकांनी तर अशा संभाषणाच्या चार पायऱ्याच आखल्या: शंका काढून घेणे, त्या शंकेमागच्या भावनेला मान देणे, चुकीचा मुद्दा नेमकेपणाने दुरुस्त करणे, आणि शेवटी लशीची खरी माहिती देणे. आपण बहुधा चौथ्या पायरीवरूनच सुरुवात करतो.

प्रत्यक्ष सरावासाठी तिघांचे गट करतात. एक आई होते, एक आरोग्यसेविका, एक निरीक्षक. आईला एक चिठ्ठी मिळते, तीत नकाराचे खरे कारण लिहिलेले असते. ते तिने आपण होऊन सांगायचे नाही. आरोग्यसेविकेने पाच मिनिटांत ते शोधायचे. निरीक्षकाने फक्त मोजायचे: कोण किती बोलले? 'हो-नाही' उत्तराचे प्रश्न किती, मोकळे प्रश्न किती? पहिला उपदेश कितव्या मिनिटाला आला?

आता आपल्या वाडीवरच्या प्रसंगाकडे परत जाऊ आणि तोच संवाद पुन्हा घडवू.

"सुई नको म्हणालात, ताई. मागं काही झालं होतं का?"
"काय नाय."
आरोग्यसेविका काही बोलत नाही. उंबऱ्याशी बसते.
"मागल्या टायमाला दोन रात्री ताप. पोर निस्तं रडत व्हतं. ह्यांचा कामावर खाडा झाला. आत्याबाई म्हनल्या, चांगलं पोर नेलंस आन् आजारी करून आनलंस."
"दोन रात्री जागलात, रोज बुडाला, वर बोलणीही तुम्हीच खाल्ली. मग सुई नको वाटणारच."
"मंग काय तर."
"मी एक सांगू का?"
"सांगा."
"तो ताप सुईमुळंच आला होता. तिच्यात डांग्या खोकल्याची लस असते, तिनं पुष्कळ मुलांना एक-दोन दिवस ताप येतो. हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. आजची सुई वेगळी आहे, गोवराची. हिनं आला तर ताप साधारण आठवड्यानं येतो, थोडं पुरळही दिसेल, दोन-तीन दिवसांत जाईल. औषध कसं द्यायचं ते सांगून ठेवते. तुम्ही भट्टीवर कधी जाणार?"
"पुढल्या म्हैन्यात."
"मग इथं आहात तोवर झालेलं बरं. आत्याबाई घरात आहेत? त्यांच्याशीही बोलू का?"

इथे काय झाले? आईला गोवराची शंका नव्हतीच. पहिल्या संवादात आरोग्यसेविकेने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. दुसऱ्यात तिने आधी प्रश्न शोधला. ती थांबली. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगितले. माहिती देण्याआधी परवानगी घेतली. ताप आलाच नव्हता किंवा तो योगायोग होता, असे म्हणाली नाही. उणीव मान्य केली. आणि घरात निर्णय कोण घेते हे ओळखले. यातली एकही गोष्ट दैवी देणगी नाही. सहाही गोष्टी सरावाने येतात.

हिंजवडीतल्या बापाची शंका निराळी असेल: "एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी इतक्या लशी?" त्याला अडाणी ठरवण्याऐवजी आधी म्हणावे, "मूल लहान आहे, काळजी वाटणारच. तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत." मग सांगावे की, बाळाचे शरीर रोज असंख्य जंतूंना तोंड देत असते, त्यापुढे लशींतला भाग फार थोडा असतो आणि या लशी एकत्र देऊनही तपासलेल्या आहेत.

सत्य लपवू नये

समानुभूतीचा अर्थ गोडगोड बोलणे असा नाही. काही त्रास होणारच नाही असे सांगणे हे तर विश्वासाचे मोठे नुकसान. बी.सी.जी.च्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो आणि व्रण राहतो, पंचगुणी लशीने ताप येतो, मांडी दुखते. जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत सुमारे एकदा उद्भवते. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. आधी सांगितलेला ताप हा ताप असतो. न सांगितलेला ताप ही फसवणूक वाटते. आपल्या लसीकरण कार्यक्रमात प्रत्येक वेळी पालकांना चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचे. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबासाठी चौथी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

पुण्याला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. १८९७च्या प्लेगात वॉल्टर रँडच्या समितीने सैनिकांकरवी घरे तपासली, माणसे बळाने हलवली. हेतू साथ आटोक्यात आणण्याचा होता, परंतु रीत अपमानाची होती. त्याचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला. त्याच साली त्याच परिसरात सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. त्या सेवेतच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. रोग एकच, शहर एकच. एकीकडे लोक रोगी लपवीत होते, दुसरीकडे रोगी आपल्याच माणसाच्या हाती होते. वाल्डेमार हाफकिन यांनी त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेऊन तपासली होती. पण वैद्यकाच्या नावाने धाक बसला की चांगली लसही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

मर्यादाही ओळखाव्यात

समोरासमोरच्या संभाषणाने लसीकरण वाढते, पण ते जादूने वाढल्यासारखे नाही, थोडेथोडे वाढते, असेच आजवरचे पुरावे सांगतात. पावसात पाऊलवाट वाहून गेली असेल, तर तिथे समानुभूती नव्हे, रस्ता हवा. मजुरी बुडत असेल, तर सत्राची वेळ बदलायला हवी.

आणि आरोग्यसेविकेचे काय? गोवराच्या लशीची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते. समोर रडणारी मुले, पुढे भरायच्या नोंदवह्या, वर उद्दिष्टाचा आकडा. तिला रोज "किती झाले?" एवढेच विचारले जात असेल, तर तीही आईला एवढेच विचारणार. "आज काय अडचण आली?" असे तिला विचारणारा वरिष्ठ असेल, तर तो प्रश्न झिरपत उंबऱ्यापर्यंत पोहोचेल. ऐकून घेण्याची सवय वरून खाली येते.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या वर्गात तिघांच्या गटांचा वरील सराव एका तासात होतो. चिठ्ठ्या मुलांनाच लिहू द्या: 'मागच्या वेळी गाठ आली होती', 'सासूबाईंना पसंत नाही', 'फोनवर व्हिडिओ पाहिला', 'त्या दिवशी बाजार असतो', 'कार्ड हरवले, बाई रागावतील'. शेवटच्या चिठ्ठीकडे विशेष लक्ष द्यावे. नुसत्या रागावण्याच्या भीतीने लस चुकू शकते, हे मुलांना पटकन समजते. खेळ झाल्यावर निरीक्षकांचे आकडे फळ्यावर मांडा. कोणत्या गटाला खरे कारण सापडले आणि त्या गटात आरोग्यसेविका किती बोलली, हे ताडून पाहा.

दुसऱ्या दिवशी गृहपाठ न आणलेल्या मुलाला "का नाही आणलास?" म्हणण्याआधी आपल्यालाही ते आकडे आठवतील, तर उत्तमच.